गद्दाराचं नाव

९ नोव्हेंबर, रविवार

परत पोहे! आईला म्हणलं, दर वेळी पाव्हणे बदलतेत, पोहे तरी बदल. "गप बस, अन तोंड जरा सरळ ठेव," म्हणाली. तोंड सरळच आहे माझं. बघणाऱ्याला वाकडं दिसतं, त्याला मी काय करू!

हट्ट्याचं स्थळ. विकास देविदास. बी.एस्सी. अ‍ॅग्री, खत-बियाण्याचं दुकान. बायोडेटावर गणपतीच्या खाली याचा गॉगल घातलेला फोटो, ट्रॅक्टरच्या चाकावर एक पाय ठेवून — जसं काही ट्रॅक्टर यानंच शिकार करून आणला. आज आला तर गॉगल डोक्यावर. घरात! चहा पिऊन होईपर्यंत काढला नाही.

"हॉबी काय तुमची?" म्हणे. मी म्हणलं, रक्त तपासणं. संगिता काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, मागून असा चिमटा काढला की अजून दुखतंय. खोटं काय बोलले? हिंगोलीच्या लॅबमध्ये दिवसभर तेच करते, अन मला ते आवडतं. आवडतं म्हणजे हॉबीच झाली ना!

बोलणं सगळं त्याच्या बापाचं. देविदासराव. हळदीचा भाव, ह्या पुढाऱ्याशी ओळख, त्या पुढाऱ्याशी सोयरीक, अन दर पाच वाक्याला "आमचं घर म्हंजे शिस्त." बाबांनी भीत भीत माझ्या नोकरीचं काढलं. "ते पुढचं पुढं बघू. आमच्यात बायांला बाहीर पडायची गरजच पडत न्हाई." जसं मी लॅबला गरज पडली म्हणून जाते.

त्याची आई अनुसयाबाई — गाठोडं आणून कोपऱ्यात ठेवावं तशी बसली. पदर कपाळापर्यंत, नजर बशीत. अशा बाईला बघितलं की मला चीडच येते. आहेस ना जिवंत? मग बोल की काहीतरी! निघताना फक्त माझ्या बोटाकडं बघितलं. लॅबमधला जांभळा रंग लागलेला असतो कायम.

"हे काय लागलं?"

"रक्त तपासायचा रंग आहे, काकू."

"निघत न्हाई?"

"न्हाई."

एवढंच. गाठोडं गेलं निघून.

१० नोव्हेंबर

बाबा म्हणले, "डिसेंबरच्या सात तारखेला सुपारी फोडू म्हणतेत ते. हो म्हण का न्हाई म्हण. मी जोर करणार न्हाई." हे 'जोर करणार न्हाई' इतक्या जोरात म्हणले की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

आईला पण दम लागलाय आता. एकोणतीस वर्षाची लेक घरात, अन नरसीत दुकानावर जाईल तिथं "काय, जमलं का मोहिनीचं?" तेवढं एक तिला चुकवता येत नाही. तिच्यासाठी वाईट वाटतं. पण गॉगलसोबत जन्म काढायचा? घरात गॉगल!

११ नोव्हेंबर

विकासचे मेसेज सुरू. "हाय डिअर, जेवलीस का?" हो. "काय जेवलीस?" भाकर. "अजून काय?" पिठलं. मग गुलाब, चहाचा कप, उगवता सूर्य. संध्याकाळी सात वाजता उगवता सूर्य!

शेवटी एक लिंक. 'आखरी मुखबीर' म्हणून हिंदी पिच्चर येतोय गुप्तहेराचा, त्याच्या जाहिरातीसाठी कोड्यांचा खेळ काढलाय. दोघादोघांची टीम. "खेळू ना डिअर. एकमेकांची ओळख होईल."

पोस्टर बघितलं. हिरोच्या एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात अजून एक बंदूक, अन शर्टाची बटणं देवाला माहीत कुठं गेली. असला गुप्तहेर वारंगा फाट्यावर उतरला तर रसवंतीवाला पण ओळखंल, अन फोटो काढून ग्रुपवर टाकंल.

१२ नोव्हेंबर

गेले खेळात. काहून गेले कोण जाणे. दुपारी लॅब रिकामी असते म्हणून.

यानं टीमचं नाव ठेवलंय 'हट्टा हंटर्स'. शिकारी! खेळानं आम्हाला गुप्त नावं दिली — तो वाघ-४, मी नागीण-९. सोयरीक जुळायच्या आधीच नागीण. खेळातल्या खेळात बोलायला एक खिडकी आहे. त्यात संदेश आला की वाचून होईस्तोवर त्याला खालून आग लागते अन तो जळून जातो. लहान लेकरं खूश होतील. पिच्चर पाच डिसेंबरला, खेळ चारला बंद. जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या टीमला नांदेडला पहिल्या शोची दोन तिकिटं.

पहिल्या पानावर लाल अक्षरात: 'हे मिशन गुप्त आहे, कुणालाही सांगू नका.' त्याच्या खाली: 'पाच ग्रुपवर शेअर करा.' अन दर कोड्याला बनियनची जाहिरात! देशाला वाचवायला निघालेल्या माणसाला आधी बनियन बघावं लागतं.

पहिलं कोडं अक्षरं मागंपुढं सरकवायचं. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत होत्या तोवर सुटलं. वाघ-४ नं मदत काय केली? "वा डिअर." अन तीन अंगठे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाघाला झालंय काय?

आज दुसरं कोडं. रेल्वे फलाटाचा फोटो, गर्दीतला गुप्तहेर ओळखा. मी हमालावर बोट ठेवणार होते, कारण त्याचे बूट नवे. तेवढ्यात खिडकीत संदेश: "थांब. ती बाई बघ. कडेवर लेकरू हाये, पण लुगड्याला एक डाग न्हाई की चुण्या न्हाईत. लेकरू उसनं हाये."

बरोबर निघालं! मी नळी हातात धरून तशीच बसले. हे गॉगलला सुचलं? अन हे 'हाये-न्हाई'? व्हॉट्सअपवर तर डिअरच्या खाली उतरत नाही. फोनमध्ये तोंडानं बोलून लिहीत असेल.

संध्याकाळी व्हॉट्सअपवर विचारलं, ती बाई कशी ओळखली? "कोणती बाई डिअर??" मग थोड्या वेळानं: "अच्छा ते. गेमचं गेममध्येच. इथं नाही बोलायचं, सिक्रेट असतं." म्हणजे स्वतःला खरंच गुप्तहेर समजून राहिलं येडं.

१८ नोव्हेंबर

आता टीमनं आपली खूण ठरवायची होती. एकानं काय म्हणायचं, दुसऱ्यानं काय उत्तर द्यायचं. खेळाचा नमुना असा: 'चाँद आज अकेला है' — 'सितारे गवाह हैं'. ओकारी आली. मी वाघाला म्हणलं, तूच सुचव. तो म्हणला, "तू इचार, तुमच्याकडं कोंबडं आरवलं का? मी म्हणंन, कापून खाल्लं कवाच."

मी लॅबमध्ये मोठ्यानं हसले. बाहेर लघवीची बाटली घेऊन एक म्हातारं बसलं होतं, ते दचकलं.

एक कळंना. वाघ येतो फक्त दुपारी, जेवणं झाल्यावर. म्हणजे ऐन दुपारी दुकानाचा गल्ला सोडून खेळत बसतो? गिऱ्हाईक काय खताचं पोतं स्वतः उचलून नेत असेल? धंदा बुडवणार हा.

२० नोव्हेंबर

खेळ म्हणला, जोडीदाराला एक खरा प्रश्न विचारा. बरं. विचारला. लग्न झाल्यावर मी लॅबला गेले तर चालेल का?

वाटलं, पळाला वाघ. मग आलं: "मला चालंल. पण घर मी चालवत न्हाई."

घ्या! एवढी मिशी असलेला बाप्या, अन घर बाप चालवतो म्हणून हात वर! पण खरं बोलला. इतर जे बघायला आले ते सगळे "हो हो, आमचे विचार मॉडर्न आहेत" म्हणायचे अन वळून आईकडं बघायचे. हा निदान खोटं बोलला नाही. अन मग त्यानं उलट विचारलं — "तुला ते रक्तात काय दिसतं गं?" मी सांगत बसले. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, मलेरियाचा जंतू अंगठीसारखा दिसतो ते. अर्धा तास! आजपर्यंत एकाही माणसानं मला हे विचारलेलं नाही. माझ्या बापानं पण नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिसरं कोडं, परत फोटोचं. पिच्चरवाल्यांना वाळवंट दाखवायचंय. मे महिना, भर दुपार, मेंढपाळ मेंढ्या चारतोय. मागं नारळाची झाडं! पाच जणांचे जबाब, त्यातला एक गद्दार. मी जबाब वाचून डोकं धरलं.

वाघ म्हणला, "मेंढरंवाला खोटारडा हाये. म्हणतो भर दुपारी चारून राहिलो. मेंढरं उन्हात अशी पांगून चरत्यात व्हय? एकमेकीच्या पोटाखाली मुंडकं घालून उभी राहत्यात. ह्यो फोटू सकाळचा हाये."

बाबांनी मेंढ्या विकल्या तेव्हा मी शाळेत होते. पण ते बरोबर डोळ्यासमोर आलं — सगळ्या मेंढ्यांचं मिळून एक घोंगडं झालेलं, अन एकीचं पण तोंड दिसत नाही. मला कसं आठवलं नाही? मी त्याला लिहिलं, तुला बरं ठाऊक. "लहानपण त्यांच्यामागंच गेलं," म्हणला.

आता खरं लिहिते. मी दुपारची वाट बघायला लागले आहे. स्वतःचीच लाज वाटते. मोहिनी, तू! पोह्यावर नाक मुरडणारी! एका वाघ-४ साठी डबा लवकर खाऊन बसतेस?

२३ नोव्हेंबर, रविवार

वारंगा फाट्यावर हॉटेलात भेट. काकू पलीकडच्या टेबलावर भजी खात राखणीला.

हा आला तो गॉगल, अत्तर, अन मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघत. स्वतःबद्दलच बोलला. कोणत्या कंपनीनं याला खत विकल्याबद्दल गोव्याला नेलं, तिथं याला कसं सगळे भाऊ भाऊ म्हणत होते. मी म्हणलं, मेंढ्यांचं भारी ओळखलंस. "मेंढ्या? शी! आईच्या माहेराला होत्या. त्यांचा वास जन्मात जात नाही." मग त्याला काहीतरी आठवलं, अन डोळा मारून म्हणला, "गेमचं इथं नाही डिअर. सिक्रेट!"

एका अंगात दोन माणसं असतात का? दुपारचं एक अन चहाचं एक? येताना काळी-पिवळी जीपमध्ये काकू म्हणाली, "लाजाळू असतेत काही काही. लिहून चांगलं बोलतेत." हा अन लाजाळू! पण मी ते धरून ठेवलं. दुपारच्याशी लग्न करायचं अन चहाच्याला सहन करायचं, असं मनात म्हणलं. बायका अशाच फसतात. माहीत असून फसतात.

२६ नोव्हेंबर

बुडालं! सगळं बुडालं!

शेवटचं कोडं. गद्दाराची फाइल उघडली, त्यात मेंढपाळाचं नाव — देविदास. करायचं एवढंच की दोघांनी आपापल्या फोनवर, एका मिनिटात, गद्दाराचं नाव लिहायचं. दोघांचं एकच यायला पाहिजे. पहिलीतलं लेकरू करंल. मी टाकलं 'देविदास'. वाघानं टाकलं 'मेंढरंवाला'. चूक!

खिडकीत लिहिलं, अरे नाव टाक, नाव!

"तेच म्हणून राहिलो. मेंढरंवालाच हाये."

देविदास टाक!

"तू टाकलं ना. मग झालं की."

दोघांनी टाकायचंय!!

मिनिट संपलं. पडद्यावर हिरो आला, मान हलवली, अन बनियन. मग वाघाचा संदेश: "माफ कर. ते नाव माझ्यानं लिवलं जात न्हाई."

घरी येऊन बायोडेटा काढला. विकास देविदास. अस्सं! बापाचं नाव! पिच्चरमधल्या कुण्या फालतू मेंढपाळाला बापाच्या नावानं गद्दार म्हणायला याचा हात धजंना. बी.एस्सी. अ‍ॅग्री श्रावणबाळ! नांदेडची तिकिटं गेली ती गेली, पण मला जे वाटायला लागलं होतं ते पण गेलं. जो खेळात बापाला घाबरतो तो उद्या माझ्यासाठी बापासमोर तोंड उघडणार?

हरलेल्या टीमला चार तारखेला एक शेवटची संधी आहे म्हणे. असू दे.

२८ नोव्हेंबर

दुपारी खेळ उघडलाच नाही. डब्यातली भेंडी पण कडू लागली.

३० नोव्हेंबर, रविवार

रात्रीचे बारा वाजलेत. पण आज लिहायलाच पाहिजे.

हट्ट्याची मंडळी नामदेवाच्या दर्शनाला आली, अन मग आमच्याकडं चहाला. विकास, देविदासराव, अनुसयाबाई. परत पोहे, ते सांगायलाच नको.

विकास बसल्या बसल्या दुकानातल्या पोराला फोनवर ओरडला — "कोण इचारून राहिलं? सांग त्याला, देविदासचा पोरगा बोलतोय म्हणावं!" वर हसून बाबांना: "आमच्या देविदासरावांचं नाव घेतलं की उधारी आपोआप निघते." बापाचं नाव असं तोंडात, सुपारीसारखं! मी पोह्याची बशी धरून उभी. मग त्या दिवशी खेळात काय झालं होतं याला?

तेवढ्यात संगिता काकूला आली लहर. अनुसयाबाईंच्या शेजारी बसून म्हणाली, "इहीणबाई, दुसऱ्यांदा घरी आलाव, आता नाव घ्या बरं एक!" अनुसयाबाईंनी मान अजून खाली घातली. "मला न्हाई येत." काकू सोडते का! "घ्या हो, कोण हाये हितं परकं!"

देविदासराव मिशीवर हात फिरवून म्हणले, "ती न्हाई घ्यायची. लग्नात बी घेतलं न्हाई, आजपस्तोर न्हाई. दवाखान्यात कागदावर नवऱ्याचं नाव इचारलं तर पोराला पुढं करती. आमच्या घरची शिस्तच हाये तशी." अन सगळ्यांकडं असं बघितलं की कुणी ढाल देईल म्हणून.

मी बशी खाली ठेवली. ते नाव माझ्यानं लिवलं जात न्हाई. दुपारचीच वेळ. लहानपण मेंढरांमागं. डाग नसलेलं लुगडं! ते काय गॉगलला दिसणार होतं?

मी चहाचा ट्रे घेतला अन सरळ तिच्यापुढं वाकले. सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात विचारलं — "काकू, तुमच्याकडं कोंबडं आरवलं का हो?"

तिनं कप उचलला. नजर कपातच. अन म्हणाली, "कापून खाल्लं कवाच."

"काय कापलं?" देविदासराव म्हणले. "आपल्याकडं कुठं कोंबड्या हायेत?" आई माझ्याकडं बघायला लागली, लेकीचं डोकं फिरलं म्हणून. विकास मोबाइलमध्ये तोंड बघत होता. अन अनुसयाबाईंनी पदराआडून, एकदाच, माझ्याकडं बघितलं. भिऊन. चोरी पकडल्यावर लेकरू बघतं तसं.

१ डिसेंबर

दुपारी खिडकी उघडली. तिकडून आधीच संदेश येऊन थांबलेला. जळायच्या आत पाठ होईल असा वाचला.

"रागावू नको बाई. आमच्या पोरानं दोन दिस खेळला अन जुना फोन माझ्याकडं टाकला. म्हणला, मला टाइम न्हाई, तूच बोल पोरीसंगं, तुला बायांचं कळतं. लग्न जमलं पायजे म्हणून मी बी बसले. मग तू रक्ताचं सांगाया लागलीस. मला वाटलं, उद्या बी सांगंल."

मी लई वाईट लिहिलं. फसवणूक, लाज नाही वाटत का, आई असून — सगळं लिहिलं. बोलणी करायला पण याला आई लागते! उद्या मुलं झाली तर अंगाई गायला पण हिलाच पाठवेल! तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ती दहावीला शाळेत पहिली होती. अंगणवाडीत निवड झाली होती, कागद पण आला होता. "ह्यांनी चुलीत घातला." अन मग: "आजवर मला कुणी इचारलंच न्हाई, तुला काय वाटतं म्हणून. तू रोज इचारायचीस. म्हणून सोडवंना."

मी खिडकी बंद केली. मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसले. काही दिसंना, पाणी येत होतं.

मी तिला गाठोडं म्हणलं होतं. ह्याच वहीत.

२ डिसेंबर

बाबांना हो सांगितलं.

होय! सांगितलं! विचार करून सांगितलं. विकास दगड आहे, मान्य. पण बघायला आलेल्या पोरांची मी आजवर रांग बघितली, सगळेच दगड, काही गॉगलवाले, काही बिनगॉगलचे. सासू मात्र अशी कुणाला मिळते? दोघी मिळून राहू. दुपारी दोघींचंच राज्य. लॅबचं पण ती काहीतरी करेल. मी तर करेनच. बाबांच्या डोळ्यात पाणी आलं, आईनं देवापुढं साखर ठेवली. काकूनं लगेच सात फोन केले.

खिडकीत वाघाला कळवलं, मी येतेय तुमच्याकडं. वाटलं, नाचेल. तिकडून एवढंच आलं — "बरं."

३ डिसेंबर

विकास: "थँक्यू डिअर! आता लॅबची दगदग नाही. पप्पा म्हणले, सुपारी झाली की राजीनामा देऊन टाक. राणीसारखं राहायचं." राणी! पण अनुसयाबाई आहेत ना. त्या असल्यावर बघू.

४ डिसेंबर

शेवटची संधी. दुपारची वेळ. गद्दार कोण? मी 'देविदास' टाकलं. तिकडची रेघ नुसती चमकून राहिली होती. चमकून राहिली, चमकून राहिली. मिनिट संपता संपता एकेक अक्षर उमटलं — देविदास. पडदा हिरवा झाला, हिरो नाचला, मी बघितला पण नाही. खिडकीत संदेश होता.

"लिवलं बाई. जन्मात पैल्यांदा. आता तुझी पाळी. घरच्यांला 'न्हाई' म्हणून सांग. दुपारची मी वाघ हाये, पण हितं आलीस की तुझी सासूच होईन, मला दुसरं काही होऊ देणार न्हाईत. बोटाचा रंग जाऊ देऊ नको."

वाचून होईस्तोवर जळून गेला.

बाबा ओट्यावर बसलेत. जाते सांगायला.